शंभर वर्षांचा ताळेबंद : भाकरी, तालीम आणि आपण

स्मरणिका समितीच्या तरुण मंडळींनी फर्मान काढलं, "काका, तुम्ही रोज फिरायला जाता, तर आरोग्यावर तुम्हीच लिहा." आता मी काही डॉक्टर नाही. माझी उभी हयात बँकेच्या खतावण्यांमध्ये गेली. त्यामुळे कोणत्या दुखण्यावर कोणतं औषध हे मी सांगणार नाही. परंतु जमा आणि नावे या दोन बाजू समोरासमोर मांडून शिल्लक काय राहते, हे पाहण्याची सवय मात्र हाडीमांसी खिळलेली आहे. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आपल्या भागातल्या माणसाच्या खाण्यापिण्याचा आणि अंगमेहनतीचा गेल्या शंभर वर्षांचा ताळेबंद मांडावा, असं मनात आलं. विषय आरोग्याचाच आहे, फक्त इतिहासाच्या वाटेने जायचं आहे.

जुनी माणसं खरंच निरोगी होती का?

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर आम्ही म्हातारे जमलो की हा विषय हमखास निघतो. "आमचा आजा ऐंशी वर्षं जगला, कधी गोळी खाल्ली नाही." "आमची आई दोन कोसांवरून पाणी आणायची, कधी गुडघा दुखला म्हणाली नाही." ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब पुरा करायचा तर जी माणसं ऐंशी वर्षं जगली नाहीत तीही मोजावी लागतात. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान अवघं ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला पोचलं आहे. त्या काळी बाळंतपणात बाई जायची, गोवर-देवीत लेकरं जायची, पटकीत घरंच्या घरं बसायची. आपल्याला आठवतो तो उरलेला काटक आजा. गेलेल्यांची आठवण ठेवायला कुणी उरलं नाही.

मग जुन्या माणसांचं सगळंच खोटं का? तसंही नाही. साथीच्या रोगांतून आणि उपासमारीतून जो वाचला, त्याला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही आजची दुखणी क्वचितच होत. याचं कारण कुठल्याही योगशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको. ते त्याच्या दिवसात होतं.

आपला वैजापूर तालुका गोदाकाठचा असूनही पाण्याला पारखा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं इथला माणूस बाजरी पेरायचा, बाजरीच खायचा. रेल्वेने येणारा रोटेगाव स्टेशनावर उतरायचा आणि बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर डोक्यावर वळकटी घेऊन पायी गावात यायचा. बाजार पायी, शेत पायी, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा निम्मं पायी. सराला बेटावर गंगागिरी महाराजांच्या ठिकाणी, शिऊरला संत बहिणाबाईंच्या समाधीला माणसं चालतच जात. त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे.

बायांचा दिवस तर पहाटे जात्यापासून सुरू व्हायचा. घरातल्या आठ-दहा माणसांचं दळण म्हणजे तास-दीड तास खांदे, दंड आणि पाठ यांची सलग मेहनत. त्यानंतर पाणी, शेण, सरपण, रान. जात्यावरच्या ओव्यांचं आपण आज कौतुक करतो, आणि ते करावंच. पण ती ओवी म्हणणारी बाई पुरुष आणि पोरं जेवल्यावर उरलेलं खायची, हेही नावे बाजूला लिहून ठेवायला हवं. त्याचा परिणाम अजून पुसलेला नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

म्हणजे जुन्या काळच्या जमेला दोन गोष्टी दिसतात : भरपूर हालचाल आणि साधं, कोंड्यासकटचं अन्न. नावे बाजूला उपास, साथी आणि औषधांचा अभाव. यातल्या जमेच्या गोष्टी कुणी विचार करून निवडल्या नव्हत्या. परिस्थितीने त्या माथी मारल्या होत्या. हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढचा इतिहास नीट उलगडतो.

तालीम, जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार

ठरवून, शास्त्र म्हणून व्यायाम करणारेही आपल्याकडे होते. समर्थ रामदास हे जन्माने आपल्या मराठवाड्याचेच, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांनी मारुतीची उपासना गावोगाव पोचवली आणि मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे समीकरण पुढे घट्ट होत गेलं. लाल माती, हौद, मुद्गल, मल्लखांब आणि एक कडक वस्ताद, एवढ्यावर पिढ्या तयार झाल्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत तर महाराष्ट्रात व्यायामाची मोठी चळवळच उभी राहिली. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने थेट जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य. आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय घडतं, हे क्ष-किरण आणि रक्तदाबाची उपकरणं लावून तपासायला त्यांनी सुरुवात केली. योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा माणूस मराठी होता, याचा आपल्याला विसर पडतो.

आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी! सातारा भागातलं ते छोटंसं संस्थान. राजेसाहेब स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींनाही घालायला लावत. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्येही ते पोचवलं. सतरंजीएवढी जागा, खर्च शून्य, आणि पाठीपासून पोटरीपर्यंत सगळ्या अंगाला व्यायाम. आजच्या भाषेत सांगायचं तर बिनखर्ची जिमच की!

आपल्या बाजूला मात्र वेगळीच अडचण होती. निजामी राजवटीत सभेला परवानगी, खासगी शाळेला परवानगी आणि आखाड्यालाही परवानगी लागे. चार पोरं एकत्र येऊन अंग कमावतात, याचीसुद्धा सरकारला धास्ती. त्यामुळे पुणे-अमरावतीसारख्या मोठ्या व्यायामसंस्था मराठवाड्यात उशिरा रुजल्या. पण परवानगी मागावी लागायची त्याअर्थी आखाडे होते, आणि त्यातूनच मुक्तिसंग्रामाला अनेक खंदे कार्यकर्ते मिळाले.

या चळवळीची एक मर्यादाही सांगायला हवी. तालीम होती ती जवान पुरुषांची. बायका, म्हातारे, कारकून, दुकानदार यांचा तिथे संबंध नसे. तालमीतल्या पोराला दूध-बदाम, आणि त्याच्या बहिणीला उरलेली भाकरी. व्यायाम म्हणजे दंड फुगवणं, असा जो समज आपल्या डोक्यात बसला तो तिथूनच. म्हणूनच आजही साठीच्या माणसाला "व्यायाम करा" म्हटलं की तो हसून म्हणतो, "आता या वयात काय पहिलवान व्हायचंय?"

कुन्नूरचे उंदीर

आता अन्नाकडे वळू. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर गावी रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने एका छोट्या खोलीत आहारावर संशोधन सुरू केलं. आज हैदराबादला असलेली राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. १९५८ साली ती तिकडे हलली. मॅककॅरिसन साहेबाने एक मजेदार प्रयोग केला. उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानच्या एकेका भागातलं जेवण घातलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी अशी त्या जेवणांची नावं. ठरावीक मुदतीनंतर उंदीर तोलले. सर्वांत धष्टपुष्ट शिखांच्या जेवणावरचे, दुसरे पठाणांच्या, आणि तिसरा नंबर आपल्या मराठी जेवणाचा! तळाला गेला तो मुख्यतः सडीक तांदूळ खाणारा मद्रासी गट.

यात जातीचा किंवा प्रांताचा काही मोठेपणा नव्हता. उंदीर सगळे एकाच जातीचे होते, फरक फक्त ताटाचा होता. पहिल्या क्रमांकाच्या ताटात न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध-लोणी, डाळ, कच्च्या भाज्या आणि अधूनमधून मांस होतं. शेवटच्या ताटात भात भरपूर, पण दूध, डाळ, भाजी नावापुरती. शंभरेक वर्षांपूर्वी निघालेला हा निष्कर्ष आजही बदललेला नाही. पोट कशानेही भरतं; शरीर मात्र ताटात किती प्रकारचे पदार्थ आहेत त्यावर उभं राहतं.

इथे बाजरीविषयी दोन शब्द. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्या भाकरीला कालपर्यंत नाक मुरडायचे ती हॉटेलात महाग झाली. आपल्याला अभिमान वाटला. पण आकडे काय म्हणतात? शंभर ग्रॅम बाजरीत प्रथिनं सुमारे ११ ग्रॅम, तंतू साडेअकरा ग्रॅम आणि लोह सुमारे साडेसहा मिलिग्रॅम. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात प्रथिनं साडेदहा ग्रॅम, तंतू सव्वाअकरा ग्रॅमच्या पुढे, लोह चार मिलिग्रॅम. म्हणजे लोह सोडलं तर गहू काही फार मागे नाही. खरा मागे पडतो तो पॉलिश केलेला तांदूळ : तंतू तीन ग्रॅमपेक्षा कमी, लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. आणि मैदा, ज्यात कोंडाच उरत नाही. त्यामुळे सूनबाई पोळ्या करते म्हणून साखर वाढली, असं म्हणून तिला दोष देऊ नका. पोळीबरोबर ताटात काय आहे, आणि पोळी खाऊन आपण दिवसभर काय करतो, हे बघा.

बहात्तरचा दुष्काळ

माझ्या वयाच्या माणसाला बहात्तर म्हटलं की अंगावर काटा येतो. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो. सुट्टीत दुष्काळी कामावर हजेरीपत्रक लिहायला बसायचो. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. काल ज्याच्या दारात दोन बैलजोड्या होत्या तो शेतकरी डोक्याला फडकं बांधून बायकोसह खडी फोडताना पाहिला. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी खायचे. कामावर सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक आहार वाटला जाई. एखादी बाई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीला बांधायची. विचारलं तर म्हणायची, "घरी लेकरू हाय ना, साहेब."

१८७६ च्या आणि १८९९ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. १९७२ ला अन्नाचा तुटवडा भयंकर होता, तरी तसा मृत्यूचा तांडव झाला नाही. याचं श्रेय त्या कामांना आणि रेशनला. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ साली तो विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही मोठी देणगी आहे.

माणसं जगली. पण अर्धपोटी राहून जगलेल्या शरीराचं पुढे काय होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं मोठं काम आपल्याच राज्यात झालं आहे.

दोन डॉक्टर, एकच वजन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडच्या बाळाचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्या बाळाचं दोन किलो सातशे ग्रॅम. हे अपेक्षितच होतं. धक्का दुसराच होता. आपलं बाळ हाडा-मांसाने लहान होतं, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार! आणि ज्या माउल्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा होतं, त्यांची बाळं आकाराने बरी भरली.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. दोघांचाही निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच प्रमाणपत्र देत होता, पण आतली शिल्लक वेगळी होती. आमच्या भाषेत सांगायचं तर एकूण ठेवी सारख्या, पण एकाच्या खात्यात बुडीत कर्जं लपलेली.

डॉ. याज्ञिकांचं म्हणणं असं, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या तुटपुंज्या अन्नावर आपलं शरीर घडलं. त्याला काटकसरीची सवय लागली. अशा शरीरावर पुढे एकदम सुबत्ता ओतली की ते ती पोटाभोवती साठवतं आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा कमी धरतात : पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. शिंप्याकडची टेप आणा आणि नाभीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजा. गेटजवळच्या आमच्या कट्ट्यावर एकदा ही मोजणी झाली. निकाल इथे छापत नाही, कारण सगळ्यांना याच सोसायटीत राहायचं आहे.

सुबत्ता आली, पाय थांबले

बहात्तरनंतर चित्र पालटलं. गव्हाच्या नव्या वाणांनी कोठारं भरली. आमच्या लहानपणी पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर व्हायची. ती रोजची झाली. गोदावरीपलीकडे प्रवरेला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागून कारखान्यांची रांग लागली आणि गुळाच्या खड्याची जागा साखरेने घेतली. नांदूर-मधमेश्वर कालव्याचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, हिरवळ दिसू लागली. यातली एकही गोष्ट वाईट नाही. भुकेने व्याकूळ माणूस ज्याने पाहिला आहे तो सुबत्तेला नावं ठेवणार नाही.

पण त्याच पन्नास वर्षांत घराघरातली मेहनत एकेक करून निघून गेली. जातं गेलं, गिरणी आली. विहीर गेली, नळ आला. मग मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन. सायकल गेली, लुना आली, मग मोटारसायकल. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, नागपूर जवळ आलं. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायलासुद्धा किक मारल्याशिवाय जमत नाही. आपण सोसायटीत राहायला आलो त्या वर्षी सगळ्या घरांत मिळून दोन चारचाकी होत्या. आज गेटमधून आत यायला वाट शोधावी लागते.

बसून राहण्याने काय होतं, हे जगाला पहिल्यांदा आकड्यांनिशी दाखवलं ते लंडनच्या बसने. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसच्या चालक आणि कंडक्टरांची तुलना केली. १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. दोघं एकाच बसवर, एकाच पाळीत. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटं फाडणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मग त्यांनी टपाल खातं पाहिलं; पत्रं वाटणारा पोस्टमन बसून काम करणाऱ्या बाबूंपेक्षा सुरक्षित निघाला. हे वाचलं तेव्हा मला आमची शाखा आठवली. चेकबुकं आणि टपाल घेऊन गावभर सायकलवर फिरणारा आमचा शिपाई, आणि खुर्चीला चिकटलेले आम्ही अधिकारी. पगार आमचा जास्त, पण दम त्याचा जास्त.

आजचं चित्र सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२४ च्या जागतिक पाहणीत देशातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं आवश्यक तेवढी हालचाल करत नाहीत, असं दिसलं. त्यातही पुरुषांपेक्षा बायका मागे. ज्यांच्या आज्या पहाटे जातं ओढायच्या, त्यांच्याच नाती आज सर्वांत कमी हलतात. दोष त्यांचा नाही. जात्याच्या जागी काय यावं, याचा विचार आपण केलाच नाही.

शिल्लक अजून वाढवता येते

निराश होण्याचं कारण नाही. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षं प्रयोग केला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना जेवणात बदल आणि रोज अर्धा तास झपाझप चालणं नेमाने करायला लावलं, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ राहिलं. केवळ चालण्याने आणि ताट बदलल्याने शंभरातले सोळा वाचले! आणि ही माणसं आपल्यासारखीच होती, पोळी-भात खाणारी, मध्यमवर्गीय. एवढं व्याज आमच्या बँकेने कधी दिलं नाही.

तेव्हा हिशेब सोपा करून सांगतो.

चालणं : जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं झपाझप. फोनवर बोलत रेंगाळणं यात धरू नये.

ताकद : पासष्टीच्या पुढच्यांनी चालण्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस स्नायूंचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. वस्तादाची बैठक इथे कामाला येते. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, दहा वेळा. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस खचतो. तोल आणि मांड्यांची ताकद असेल तर पडण्याचा धोका कमी होतो.

ताट : माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. जमाखर्च असा : दिवसभरात तीन भाकरी, २०. डाळ-उसळीच्या दोन वाट्या, १४. मोठा पेला दूध, ८. मूठभर शेंगदाणे, ६. वाटीभर दही, ३. झाले ५१. यात एकही डबा परदेशी नाही. त्यावर पालेभाजी, कांदा, काकडी, एखादं पेरू-केळ. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. पापड-लोणचं त्यातच मोजायचं. सराला बेटाच्या सप्ताहातली आमटी-भाकरी आठवा. धान्य आणि डाळ एका ताटात येणं, हे शहाणपण आपल्याकडे होतंच.

ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आजोबांकडे गोळ्या नव्हत्या, म्हणून त्यांच्यातले बरेच लवकर गेले, हे आधी सांगितलंच आहे.

आपली मोकळी जागा

आता मुद्द्याचं. आपल्या सोसायटीच्या मागच्या बाजूला जी मोकळी जागा आहे, तिच्यावर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावाव्यात असा प्रस्ताव गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आला आणि पुढच्या सभेवर ढकलला गेला. गाड्यांची अडचण मला दिसते. माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच उभी असते. पण मतदानापूर्वी ही दुसरी बाजूही सभासदांनी पाहावी.

मी टेप धरून त्या जागेची कड मोजली आहे. एक फेरी १८० मीटर भरते. चौदा फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाचं झपाझप चालणं. बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, डंपर आणि मोकाट कुत्री यांच्यामुळे आपल्या बायका आणि वयस्कर मंडळी चालायला जात नाहीत. त्यांच्यासाठी दिवे असलेली, खड्डे नसलेली, आपल्या माणसांच्या नजरेतली जागा ही एवढीच. पंचवीस वर्षांत या सोसायटीने काही माणसं अकाली गमावली. त्यातली दोन हृदयविकाराने गेली, दोघंही साठीच्या आतली. घरांची नावं लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहेत. ती जागा असती तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण आज ज्यांची कंबर नव्वदच्या पुढे आहे आणि साखर काठावर आहे, अशी निदान दहा-बारा माणसं आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही.

माझी सूचना अशी : कडेने मुरुमाचा सहा फुटी पट्टा, दोन दिवे, तीन बाक आणि मुलांना लटकायला एक आडवा लोखंडी बार. मधल्या जागेत पोरं खेळतील. गाड्यांसाठी पुढच्या बाजूला आखणी करून, एका घराला एक जागा असा नियम करावा. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून उरणाऱ्या पैशात हे काम बसतं. हिशेबाचा कागद मी सचिवांकडे दिला आहे. कुणालाही पाहता येईल.

आपल्या आजोबांना चालावं लागलं, कारण पर्याय नव्हता. आपल्या आई-वडिलांनी भूक सोसली, आणि आपल्या ताटात कमी पडू नये म्हणून घाम गाळला. आपल्या पिढीला पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी मिळाल्या आहेत : पोटभर अन्न आणि निवडीचं स्वातंत्र्य. ही निवड एकेकट्याने टिकत नाही. चार जण बरोबर असले की पाय आपोआप निघतात; तालमी टिकल्या त्या याच बळावर. येत्या सर्वसाधारण सभेत सर्व सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, आवर्जून हजर राहून आपलं मत द्यावं, ही विनंती. तोवर रोज पहाटे साडेपाचला मागच्या दाराशी आम्ही चौघे-पाच जण असतोच. ज्याला यायचं त्याने चप्पल नको, बूट घालून यावं.